माहेरची फळी

नळाच्या त्या कारखान्यात आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला एक लाकडी फळी होती. हातभर रुंद आणि दोन माणसं आडवी झोपतील एवढी लांब. बिघडलेला माल तिच्यावर ठेवायचा. कुणाचे आटे वाकडे पडले, कुणाच्या हातून पितळ जास्त घासलं गेलं, कुणाला ओतीव अंगावर काळा ठिपका दिसला, की त्यानं तो नळ मुकाट्यानं फळीवर नेऊन ठेवायचा आणि आपल्या जागेवर परत यायचं. चिठ्ठी नाही, नाव नाही. कुणी मान वळवून बघायचंसुद्धा नाही. नळ माहेरी गेला, असं म्हणत. म्हणून ती माहेरची फळी.

सोमवारी कामाचा पहिला तास यंत्रं बंद असत. सगळे चहाचे पेले घेऊन फळीपुढे उभे राहत आणि एकेक नळ हातोहात फिरे. कुणी केलं, हे विचारायचं नाही. कसं झालं, एवढंच विचारायचं. ज्याच्या हातून झालेलं असे तोच बहुधा तोंड उघडायचा, पण शेजाऱ्याची गोष्ट सांगावी तसा. "समजा, एखाद्याच्या लेथचा पट्टा ढिला पडला असेल, तर असं होऊ शकतं बुवा." पट्टा कुणाचा ढिला पडलाय ते सगळ्यांना कळे. हसायचं मात्र कुणी नाही. हसलं तर आत्या बघायची, आणि आत्यानं बघितलेलं कुणाला सोसत नसे.

आत्या म्हणजे मालकाची आत्या, आणि म्हणून कारखान्यातल्या साठही माणसांची आत्या. शाळा तिनं तिसरीत सोडली. त्यात शाळेचंच नुकसान झालं, असं तिचं मत होतं. कारखाना तिच्या भावानं काढला होता. भाऊ गेला, भाचा मालक झाला, आणि आत्या तपासणीच्या टेबलावर जिथं होती तिथंच राहिली. टेबलावर पाण्याची आठ तोंडं होती. नळ बसवायचा, पाणी सोडायचं, मनात वीस मोजायचे आणि सांध्याखालून अंगठा फिरवायचा. अंगठा कोरडा तर नळ पेटीत, ओला तर फळीवर. चाळीस वर्षांत त्या अंगठ्यावरच्या रेषाच पुसून गेल्या होत्या. एकदा कुठल्याशा कार्डासाठी ठसा घ्यायला माणसं आली, तर त्यांचं यंत्र तिला ओळखायलाच तयार होईना.

"मी तरी कुठं त्याला ओळखते," आत्या म्हणाली आणि उठून कामाला गेली.

टेबलासमोर एक उलटं खोकं असे. आत्याचं मत हवं असेल त्यानं यायचं, खोकं ओढायचं आणि बसायचं. भाऊ असाच बसायचा. भाचाही बसायचा. चारचौघांत आत्याला मत विचारायची रीत नव्हती. चारचौघांत विचारलं तर नाही म्हणायची सोय राहत नाही, आणि आत्याला नाही म्हणायला फार आवडे.

भाचा त्या दिवशी येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच तिनं पाणी बंद केलं.

"कुणाशी ठरलं?" तिनं विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"महिनाभर नवे बूट घालून येतोयस. बोल."

सीमेपलीकडच्या एका मोठ्या नळ कंपनीशी ठरलं होतं. विकत घेणं नाही, विकणं नाही, दोन्ही कंपन्यांची मिळून एक. पलीकडच्यांना आपलं पितळ हवं होतं, आपल्याला त्यांचं गिऱ्हाईक. एक वर्ष एकत्र चालवून बघायचं. जमलं तर कायमचं, नाही तर ज्याचं त्याच्याकडे.

"ज्याचं त्याच्याकडे म्हणजे आपल्याकडे काय?" आत्या म्हणाली. "आपले दुकानदार?"

भाच्यानं बुटांकडे बघितलं. जुन्या दुकानदारांना कळवून झालं होतं की यापुढे त्यांना माल मिळणार नाही. सगळा माल पलीकडेच जायचा होता. पत्रं भाचेसुनेनं स्वतःच्या हातानं लिहिली होती आणि दोन दिवस ती जेवली नव्हती.

"म्हणजे मागचे दोर कापूनच आलास," आत्या म्हणाली. "मग मला विचारतोयस कशाला? हे लग्न मोडलं तर हा कारखाना उभा राहणार नाही, एवढं तुला कळतंय ना?"

"कळतंय. म्हणून तर ते मोडता कामा नये. आत्या, तू सांभाळून घे."

"मी कधी कुणाला सांभाळून घेतलंय?" आत्या म्हणाली, पण पाणी सोडताना तिचा हात क्षणभर तोटीवर थांबला. भावानं पहिली भट्टी पेटवली तेव्हा जळण तिनं वाहिलं होतं.

पलीकडून वकील आले, इकडचे वकील तिकडे गेले. जमिनीचे कागद, यंत्रांचे कागद, माणसांच्या याद्या. दोघांनी एकमेकांचे कागद डोळ्यांत तेल घालून बघितले. एकमेकांचे हात कुणी बघितले नाहीत.

मग पलीकडून एक बाई आली, वर्षभर राहायलाच. उंच, केस कातरलेले, कायम बिनइस्त्रीच्या सदऱ्यात. तिच्या काखेत कागदाच्या सुरळ्या असत आणि प्रत्येक सुरळीत एक तक्ता असे. तिसऱ्या दिवशी तिचं नाव तक्तेवाली पडलं. तिच्यामागून एक दुभाष्या फिरे. तो हडकुळा होता, घसा जपायला दिवसभर कोमट पाणी पीत असे आणि दोन्हीकडच्यांच्या शिव्या एकटाच ऐकत असे.

बाई वाईट नव्हती, हे आत्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. वाईट माणूस पितळाला हात लावल्यावर हात पुसतो. ही पुसत नसे. पण फळीपुढे येऊन ती थबकली आणि दुभाष्याला काहीतरी लांबलचक विचारलं.

"त्या विचारतायत, हे कुणाचं आहे?"

"कुणाचंच नाही," लेथवरचा ठोक्या म्हणाला. तीस वर्षं तो प्रत्येक ओतीव नळावर बोटाच्या पेरानं टकटक करून आधी ऐकायचा आणि मगच लेथवर चढवायचा, म्हणून तो ठोक्या. "माहेरी आलेत."

दुभाष्यानं कोमट पाण्याचा घोट घेतला. माहेर त्याला तिकडच्या बोलीत कसं न्यावं ते कळेना, म्हणून त्यानं 'परत आलेला माल' एवढंच सांगितलं. बाईच्या कपाळाला आठी पडली. चाळीस बिघडलेले नळ, आणि एकाचीही जबाबदारी घ्यायला कुणी तयार नाही! तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढच्या सोमवारी फळी तिथं नव्हती. भिंतीत चार खिळ्यांची भोकं होती आणि त्यांच्या वरच्या अंगाला पांढराशुभ्र फलक होता. डावीकडे साठ जणांची नावं आणि प्रत्येकासमोर लाल शाईतला आकडा. ज्यानं जेवढे बिघडलेले नळ आणून दाखवले तेवढा त्याचा आकडा. आत्याच्या टेबलाशेजारी एक यंत्रही आलं. ते नळात हवा भरी आणि आठ सेकंदांत हिरवा नाहीतर लाल दिवा लावी. आत्याला काढलं मात्र नाही. मान ठेवायचा म्हणून शंभरातला एक नळ तिनं तिच्या पाण्यावर बघावा, असं ठरलं. ते ठरवताना खोकं ओढून कुणी बसलं नाही. भाच्यानं जाता जाता, उभ्याउभ्याच सांगितलं.

"शंभरातला एक," आत्या म्हणाली. "म्हणजे देवळाबाहेर बसवल्यासारखंच की रे. येणाऱ्याजाणाऱ्यानं टाकलं तर टाकलं."

"आत्या, वर्षभर कळ काढ."

तिनं कळ काढली. तिला कळ काढणं म्हणजे तोंड मिटणं वाटलं, आणि एकदा मिटलं की तिचं तोंड लोहाराच्यानेही उघडत नसे.

पहिल्या आठवड्यात फलकावर ठोक्यासमोर अकरा लिहिलेलं होतं. सगळ्यांत मोठा आकडा. तो सगळ्यांत जास्त बघायचा म्हणून त्याला सगळ्यांत जास्त सापडायचे, हे साठही माणसांना माहीत होतं. फलकाला कुठून माहीत असणार! ठोक्याचा जावई बांधणीत, म्हणजे नळाचे सुटे भाग जोडायच्या खात्यात होता. दुपारी जेवताना तो सासऱ्याच्या शेजारी न बसता खिडकीशी जाऊन बसला. ठोक्यानं डबा उघडला, परत लावला.

दुसऱ्या आठवड्यात ठोक्याचा आकडा दोनवर आला. तिसऱ्यात शून्य. ठोक्याचं बघून सगळ्यांची शून्यं झाली. फलकावर कुणी अंडी मांडून ठेवल्यासारखं दिसायला लागलं. तक्तेवालीनं त्याचा फोटो काढून पलीकडे पाठवला आणि तिकडून सगळ्यांसाठी शाबासकीचं पत्र आलं. ते वाचताना दुभाष्याचा आवाज भरून आला. बाकी कुणाचा आला नाही.

आत्याला चौथ्या आठवड्यात सापडलं. शंभरातला एक म्हणून आलेला नळ तिनं पाण्यावर चढवला. आठ झाले, कोरडा. बारा झाले. सतराव्याला अंगठ्याला गार लागलं. तिनं नळ उजेडात धरला. अंगावर झगझगीत पॉलिश होतं, जरा जास्तच. तिनं नखानं खरवडलं, तर खाली काळा ठिपका. ओतताना वाळूचा कण राहिला की पितळात केसाएवढी वाट राहते. हवेला ती आठ सेकंदांत सापडत नाही. पाण्याला घाई नसते, त्याला सापडते. असे नळ पूर्वी ठोक्याच्या टकटकीतच माहेरी जायचे. आता ते पॉलिशखाली जात होते.

तिनं मान वर केली. लेथवरून ठोक्या तिच्याकडेच बघत होता. त्यानं पटकन नजर खाली केली आणि पुढचा नळ न ठोकताच चढवला.

आत्यानं तो नळ टेबलाच्या खणात टाकला. पुढच्या काही महिन्यांत आणखी दोन सापडले, तेही खणात गेले.

तिला वाटलं, बाई येईल. एवढी शिकलेली बाई आहे, कधीतरी तिच्या डोक्यात येईलच की साठ माणसांची एकाच वेळी शून्यं होत नसतात. मग ती येईल, खोकं ओढेल आणि विचारेल. तेव्हा खण उघडायचा. दोन गोष्टी सुनवायच्या आणि मग उघडायचा. रोज सकाळी आत्या खोक्यावरची धूळ झटकी. हे तिनं कुणाला दिसू दिलं नाही.

आणि बाईनं विचारलं. पण कुठं, तर सभेत!

पलीकडे सहा हजार नळ पाठवायचे होते. तिकडे नव्या घरांच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यांच्या भिंतींत बसणार होते. दोन्ही कंपन्यांच्या एकत्र नावाचा तो पहिलाच मोठा माल. त्याच्यावर सगळं ठरणार होतं. बाईनं साठही जणांना खुर्च्यांवर बसवलं. आत्या उशिरा आली म्हणून तिला मागच्या रांगेत, खांबाआड जागा मिळाली. बाईनं तक्ते दाखवले आणि शेवटी काहीतरी विचारलं.

"कुणाला काही सांगायचंय का?" दुभाष्या म्हणाला.

छतावरचा पंखा फिरत होता. बाईनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना ती दोन पावलं पुढं आली.

"त्या म्हणतायत, अगदी काहीही असलं तरी सांगा. त्यांना खरंच ऐकायचंय," दुभाष्या म्हणाला. "हे मी माझ्या पदरचं सांगत नाही."

ठोक्या स्वतःच्या पेरांकडे बघत होता. भाच्यानं मागं वळून खांबाच्या कडेनं आत्याकडे बघितलं. आत्याच्या डोळ्यांपुढे खण होता आणि खणातले तीन नळ. एक शब्द बोलली असती तरी पुरलं असतं. पण बोलली असती तर ठोक्याला त्याच्या जावयादेखत उघडं पाडलं असतं. हे कारण खरं होतं. दुसरं कारणही खरं होतं आणि ते पहिल्यापेक्षा मोठं होतं. तिला खांबाआड बसवलं होतं.

विचारायचं तर येऊन विचारतील, आत्या मनात म्हणाली, आणि पदर सारखा केला.

बाईनं हसून मान डोलावली. तिच्या कारखान्यात कुणी बोललं नाही की सगळं ठीक असतं.

माल गेला. दोन महिन्यांनी परत आला. सगळा नाही, चारशे नळ, पण तेवढे पुरले. तिकडे नव्या रंगवलेल्या भिंतींवर ओल उमटली होती. नळ काढायला भिंती फोडाव्या लागल्या आणि फोडलेल्या भिंतींचे फोटो पेट्यांच्या आधी येऊन पोचले. भाचा तीन दिवस दाढी न करता फोनवर बसला. चौथ्या दिवशी त्यानं फोन ठेवला तो ठेवलाच. पलीकडच्यांनी वर्ष संपायची वाट बघितली नाही. ज्याचं त्याच्याकडे.

यंत्रं काढून न्यायला माणसं यायची होती, त्याच्या आदल्या सकाळी तक्तेवाली आत्याच्या टेबलाशी आली. काखेत एकही सुरळी नव्हती. तिच्यासोबत परत आलेल्या नळांची एक पेटी होती. बसायला जागा शोधत तिनं इकडंतिकडं बघितलं आणि तेच खोकं ओढलं. आत्यानं ते बघितलं. दहा महिने उशीर झाला होता.

दोघी नळ पाण्यावर चढवायला लागल्या. बाई घड्याळात बघून मोजायची, आत्या मनात. वीसला दोघींचे अंगठे एकदमच सांध्याखाली जात. बरेचसे ओले निघाले.

"त्या विचारतायत," दुभाष्या म्हणाला, "की कुणी काही बोललं का नाही?"

"फलकावर नाव लावल्यावर कोण बोलेल? चार माणसांत अब्रू काढल्यावर?"

दुभाष्यानं सांगितलं. बाई बराच वेळ त्याच्याशी बोलत राहिली. हातानं फलक दाखवी, हवेत माणसं उभी करी. दुभाष्या दोनदा अडला, दोनदा पाणी प्यायला.

"त्यांच्या कारखान्यात असाच फलक आहे. तीस वर्षं. ज्याचा आकडा वाढतो त्याच्याकडे बाकीचे आपलं काम टाकून जातात आणि त्याच्याशेजारी उभे राहतात. काय अडलंय ते बघायला. त्या नवीन होत्या तेव्हा त्यांचा आकडा एकोणीस होता. सहा जण येऊन उभे राहिले होते. म्हणतायत, नाव नसलं तर मदतीला कुणाकडे जायचं ते कसं कळणार? तुमची फळी बघून त्यांना वाटलं, इथं चुकलेल्या माणसाला कुणी विचारत नाही."

आत्याच्या हातातला नळ पाण्याखाली तसाच राहिला. वीस होऊन गेले, तीस झाले.

"तिला सांग," ती म्हणाली, "आम्हीही तेच करत होतो. फक्त नाव न घेता."

दुभाष्यानं सांगितलं. बाईनं भिंतीतल्या खिळ्यांच्या भोकांकडे बघितलं. मग तिनं एक आणखी गोष्ट विचारली आणि ती विचारताना आत्याकडेच बघत राहिली.

"त्या विचारतायत, तुम्हाला माहीत होतं का?"

आत्यानं पाणी बंद केलं, खण उघडला आणि तीन नळ काढून पदरात घेतले. मग उठून फलकापाशी गेली. यंत्रांचा आवाज नव्हता, त्यामुळे तिच्या चपला सगळ्यांना ऐकू आल्या. बांधणीतून माणसं बाहेर आली. ठोक्या लेथपाशी उभा राहिला. भाचा आणि भाचेसून कचेरीच्या दारात आले.

फलकावर तिचंही नाव होतं, सगळ्यांत खाली. तपासणीवाल्यांचा आकडा कधी भरायचाच नसे, म्हणून त्याच्यासमोर दहा महिने काहीच नव्हतं.

"माझ्यापुढं तीन लिही," ती दुभाष्याला म्हणाली. "मोठं लिही. खांबाआडून दिसलं पाहिजे."

त्यानं लाल पेन घेतलं. पहिलं वळण वाकडं निघालं.

"नीट काढ रे. मी तिसरीपर्यंत शिकलेय, तीन मला येतात."

त्यानं तीन लिहिले. आत्या त्या तीन नळांसकट तिथंच उभी राहिली. आता पुढं काय करायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं, ही तिची रीत नव्हती. मग तक्तेवाली आली आणि तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. थोड्या वेळानं पेरं पुसत ठोक्या आला. त्याच्यामागून त्याचा जावई.

"कसं झालं?" ठोक्यानं विचारलं.

"समजा," आत्या म्हणाली, आणि थांबली. "समजा काय. माझ्याच हातून झालं. मला चौथ्या आठवड्यात कळलं होतं. मी रुसून बसले."

कुणी हसलं नाही. दुभाष्यानं ते बाईला सांगितलं तेव्हा तिनं फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी माणसं येऊन हवेचं यंत्र घेऊन गेली, फलकही घेऊन गेली. बाईनं जाताना आत्याचा हात हातात घेतला, अंगठा उलटा करून बघितला आणि आपला तिच्याशेजारी धरला. तिच्या अंगठ्यावर रेषा अजून होत्या.

भाच्यानं दुकानदारांना पुन्हा पत्रं लिहिली. तिघांनी उत्तर दिलं. साठांतले नऊ जण उरले, त्यात ठोक्या होता, त्याचा जावई नव्हता. भट्टी आठवड्यातून एकदाच पेटे. सोमवारी पहिला तास नऊ जण भिंतीपाशी उभे राहत. तिथं फळी परत बसवायची होती, पण जुनी फळी कुणीतरी पेट्यांच्या बुडाला वापरली होती. ती सहा हजार नळांबरोबर पलीकडे गेली होती.